बाबांच्या हृदयात उजेड

‘विचारल्याशिवाय सही करू नका. या तपासणीनं उपचारात काय बदलणार, ते आधी विचारा.’ हे पत्रक माझं. उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यांच्या फाटकांबाहेर, वॉचमनशी हुज्जत घालत वाटलेलं. त्यातला एक शब्दही मी मागं घेणार नाही.

ते सगळ्यात मन लावून कुणी वाचलं असेल, तर माझ्या बापानं.

देवगाव रंगारीला बाबांच्या छातीत कळ आली. शहरात आणलं तेव्हा हृदयाच्या नसेत रक्ताची गुठळी अडकली होती. मनगटातून नळी घालून ती बरीचशी ओढून काढली आणि रक्त वाहू लागलं. लगेच स्टेंट, म्हणजे लोक म्हणतात ती स्प्रिंग, घातली नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, काही दिवस औषधं देऊ, मग आतून बघून ठरवू.

आतून बघायच्या दिवशी हिरवा झगा घालून स्ट्रेचरवर आडवे झालेले बाबा म्हणाले, “म्याडम, ह्यानं काय बदलंल?”

“काका, ते आम्ही बघतो ना.”

झालं! आमच्या घरात हे वाक्य कुणाचंच चालत नाही. ग्रामसेवकाचं नाही, आमदाराचं नाही.

“मंग मी बी बगतो. उतरवा मला खाली.”

आई माझ्याकडं वळली. “घे! वाट अजून पत्रकं!”

मला मात्र राग आला तो बाईंचा. म्हटलं, “ते हट्ट करत नाहीत, मॅडम. त्यांच्याच हृदयाबद्दल विचारतायत. मराठीत सांगा.”

बाईंनी माझ्याकडं रोखून पाहिलं. मग स्टूल ओढून बाबांजवळ बसल्या.

“अँजिओग्राफीत नसेची नुसती सावली दिसते, काका. भिंत दिसत नाही. भिंतीतला चरबीचा फुगवटा फुटला तरी गुठळी होते, आणि फुगवटा शाबूत राहून नुसतं वरचं अस्तर खरचटलं तरी होते. फुटला असेल तर बहुतेक स्प्रिंग लागते. खरचटलं असेल आणि वाट मोकळी असेल, तर कधी कधी औषधांवर भागतं. म्हणून प्रकाशाची बारीक तार आत घालायची.”

“रक्तातून दिसंल व्हय?”

“नाही. म्हणून काही सेकंद औषध सोडून रक्त बाजूला सारतो.”

“धोका?”

“थोडा आहे.” कोणता, तेही सांगितलं.

“हे पयलंच सांगायचं ना, बाई!” बाबांनी पेन मागितला.

नंतर बाईंनी मला पडद्यावर चित्र दाखवलं. आडव्या कापलेल्या ओंडक्यासारखी वर्तुळं होती. आतली कड अखंड. तिला चिकटून गुठळीचा एवढासा उरलेला तुकडा. फुगवटा फुटलेला नव्हता. वाट पुरेशी मोकळी होती.

“स्प्रिंग नको,” बाई म्हणाल्या. “गोळी मात्र एकही चुकवायची नाही. आणि परत तपासायला यायचं.”

स्प्रिंगच्या विरोधात अख्खं भाषण मी तयार ठेवलं होतं. ते तसंच गिळलं आणि बाईंचा हात धरून उभी राहिले.

संध्याकाळी बाबा उठून बसले. आईनं कमी मिठाची खिचडी पुढं केली.

“ही काय खिचडी हाय?”

“गुमान खा.”

“चवच नाय गं हिला.”

त्यांची कुरकुर लांबतच गेली. मी खाटेच्या पायथ्याशी बसून ती सगळी ऐकली. लई बरं वाटत होतं.