पळणाऱ्याचं खुरपं

"खड्डा आपला, बुजवायचाही आपणच," असं म्हणत काका टाचेनं माती दाबायचे. अमेरिकेत, फ्रीमाँटच्या आमच्या पार्कमध्ये, भर सकाळी, पायात कोल्हापुरी आणि हातात खुरपं! काका सांगलीहून मुलाकडे आलेले आणि मी त्याची शेजारीण, त्यामुळे तुमच्याआधी मला दिसलं इतकंच. वाटलं, म्हाताऱ्यानं इथे मेथी लावायला घेतली की काय!

तसं नव्हतं. शंभरेक वर्षांपूर्वी काकांचे आजोबा सांगलीकडचे नावाजलेले धावपटू होते. हौशी, बरं का! आठवडाभर शाळेत मास्तरकी, सुट्टीला शर्यत. धोतराचा काचा मारून अनवाणी पळायचे आणि जिंकले की नारळ आणि फेटा घेऊन घरी यायचे. सुटताना रेटा मिळावा म्हणून रेषेमागे चवड्यांपुरते दोन खड्डे खणायचे, ते याच खुरप्यानं. पुढे गुडघा गेला, पळणं सुटलं. तरी मैदान सुटेना, मग दुसऱ्यांचे खड्डे खणून द्यायला जायचे.

"तुम्ही पळालात का कधी, काका?" मी विचारलं.

"छे गं! आजोबांनंतर आमच्याकडे सगळे बसूनच. मुलगा तर दिवसभर खुर्चीत."

सगळी भिस्त नातीवर. ती शाळेच्या टीममध्ये शंभर मीटर पळायची. परतीची तारीख जवळ येत होती आणि काकांना एकच हवं होतं, तिनं एकदा त्या खड्ड्यांतून सुटावं.

"आजोबा, वुई हॅव ब्लॉक्स," ती म्हणायची. सुटताना पाय रोवायला शाळेत तयार ठोकळे मिळतात ना!

मुलगा वेगळाच वैतागलेला. "बाबा, प्लीज! कोणीतरी कम्प्लेंट करेल."

काका रोज खणायचे, वाट बघायचे, बुजवायचे. मला त्या पोरीचा अस्सा राग यायचा!

शेवटच्या रविवारी ती आली. तोंड वाकडं करून म्हणाली, "जस्ट वन्स, हं." चवडे खड्ड्यांत रोवले. काकांनी टाळी वाजवली आणि पोरगी अशी सुटली की माझ्या हातातला चहा सांडला.

"आजोबा, इट वर्क्स!" ती लांबूनच ओरडली.

काका हसत होते, रडत होते, नाक पुसत होते, सगळं एकदमच. इतके हरखले की खड्डे तसेच टाकून घराकडे निघाले.

"आजोबा, होल्स!" म्हणत नात मागे पळाली आणि टाचेनं माती दाबू लागली. काका बघतच राहिले. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू?

यंदा काका आले नाहीत. एवढा विमानप्रवास नको, असं डॉक्टरांनी सांगितलंय. सांगलीहून फोन मात्र येतो. परवा म्हणाले, "खुरपं तिच्याकडेच ठेवून आलोय. गंजलं असेल गं आता."

मी खिडकीशी उभी होते. समोर पार्कमध्ये त्यांची नात आणि तिच्या मैत्रिणी रेषेवर ओणव्या झाल्या होत्या. खुरपं या हातातून त्या हातात फिरत होतं.

"काका," मी म्हटलं, "गंजायला त्याला सवड कुठाय?"