बिनकामाची बुडी

"घागर तं तुम्ही राखेनं घासून घ्याल, पन विहीर कशी घासाल?"

हे वाक्य पंचफुला तेराव्या वर्षी बोलली होती. मोताळ्याकडच्या तिच्या माहेरी केसरबाई नावाच्या मोठ्या घरच्या बाईची पितळी घागर विहिरीत पडली. त्या विहिरीवर पंचफुलाच्या वस्तीला दोर टाकायची मुभा नव्हती. तरी त्याच विहिरीत तिला उतरवण्यात आलं, कारण गावात तळापर्यंत जाणारी तेवढी एकच पोर होती. तिनं घागर काढून दिली, आणि केसरबाई ती घेऊन राखेच्या ढिगाकडे वळताच हे वाक्य बोलली. बापानं घरी आल्यावर तिला एक ठेवून दिली आणि मग अंधार पडेपर्यंत एकटाच हसत बसला.

तिच्या नवऱ्याला, सहदेवला, ही गोष्ट लग्नानंतर मेहुण्याकडून कळली. सहदेव तेव्हा एसटीत नुकता कंडक्टर झाला होता. देऊळघाटला सासरी आल्यावरही पंचफुलाला बोलावणी येतच राहिली. लोक लोखंडी गळ टाकून टाकून थकले की तिच्या दारात येत. ती साडीचा कासोटा मारायची, काठावर उभी राहून तीनदा श्वास भरायची आणि चौथा भरून खाली. बादल्या, हंडे, मोटरीचा अडकलेला पाइप, एकदा तर एका नवरीचं जोडवं. तळाशी डोळ्यांचा उपयोग नसतो, तिथं हात पाहतात, असं ती सांगायची. बदल्यात चहा मिळे, कधी पायलीभर ज्वारी, बहुतेक वेळा नुसतं 'बरं झालं'.

मग एक दिवस भरल्या गाडीत मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, बादली पडली आमची, वहिनीले पाठवा." गाडी हसली. सहदेव तिकिटं फाडत राहिला, पण कान तापले. घरी येऊन तो म्हणाला, "आता बस झालं. कंडक्टरची बायको लोकायच्या बादल्या काढत फिरते, बरं नाही दिसत."

पंचफुला भाकरी थापत होती. थापत राहिली. त्यानंतर तिनं विहिरीत पाय टाकला नाही. पुढं नळ आले, विहिरींवर जाळ्या बसल्या, आणि सहदेवनं स्वतःची समजूत घातली की तसंही ते बंदच पडणार होतं. माणूस अशा समजुतीवर पंचवीस वर्षं आरामात झोपू शकतो.

यंदा मुलानं, संघर्षनं, दोघांना परदेशात न्यायचं काढलं. तो पुण्यात इंजिनिअर. बायको मंजुश्री शाळेत शिकवते. मलेशियात लंकावी नावाचं बेट आहे, तिथं समुद्राकाठी हॉटेल, पाच दिवस. गल्लीतून विमानात बसणारी ही पहिलीच माणसं. विहारात त्यांना फुलं दिली गेली. सहदेवनं जाण्याआधी आठवडाभर त्या बेटाचं नाव इतक्यांदा घेतलं की बुलढाण्याच्या स्टँडवरचा चहावाला त्याला 'या लंकावी' म्हणू लागला. पंचफुलानं मात्र सगळ्या तयारीत एकच प्रश्न विचारला.

"तिथं पान्यात उतरू देतात का?"

"आई, त्याच्यासाठीच तर चाललो," संघर्ष म्हणाला. सहदेव बॅगेत काहीतरी शोधू लागला. काही हरवलेलं नव्हतं.

आणि लंकावीला पोचले तर किनाऱ्यावर लाल झेंडे. लाटा मोठ्या, उतरायला मनाई. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. संघर्ष आणि मंजुश्री दोरीच्या पुलावर फिरून आले, सहदेवनं नारळाचं पाणी पिऊन घेतलं. पंचफुला वाळूत खुर्चीवर बसून हिरव्या पाण्याकडे पाहत राही.

"लग्नाले बोलावलं अन् पंगतीत बसू नाही दिलं," ती म्हणाली. "असं झालं हे."

चौथ्या दिवशी, परतायच्या आदल्या सकाळी, ती उठून सरळ हॉटेलच्या स्विमिंग पूलकडे निघाली. सहदेव त्याला हौद म्हणायचा. हौद मोठा होता, एका टोकाला गुडघाभर, दुसऱ्या टोकाला नऊ फूट. पंचफुलानं चपला काठावर काढल्या आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. शिट्टी वाजली.

मिशीवाला, पन्नाशीचा लाइफगार्ड हात हलवत आला आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाला.

"काय म्हनते थो?"

संघर्ष अवघडला. "आई, हे कपडे चालत नाहीत म्हणतो. पोहण्याचा ड्रेस लागतो."

"खाली दुकान आहे, आई," मंजुश्री म्हणाली. "अंगभर असतो तसाही मिळतो. आणते मी."

"मले नोको माय थे मासोळीचं कातडं."

आजूबाजूच्या खुर्च्यांवरची गोरी माणसं पुस्तकांतून मान वर करून पाहू लागली होती. सहदेवचे कान पुन्हा तापले. तो पुढं झाला.

"चाल, वर चाल. नियम आहे त्यायचा. मी तीस वर्षं बकरीवाल्यायले गाडीतून उतरवलं, कोनाचं ऐकलं नाही. नियम म्हनजे नियम."

बोलून झालं आणि त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. हा आवाज त्यानं चुलीपुढे एकदा वापरला होता.

पंचफुलानं पाय पाण्यातून काढला नाही. तिनं नवऱ्याकडे पाहिलंही नाही.

"संघर्ष, त्याले इचार, काऊन नाही उतराचं. कारन सांग म्हना. कारन असन तं मी निंगते."

सहदेवच्या मनात आलं, हिला आजवर कुणी कारण सांगितलंच नाही. केसरबाईनं नाही. मीही नाही. बरं नाही दिसत, हे काही कारण नव्हे.

लाइफगार्डनं मात्र सांगितलं. शांतपणे, हातांनी दाखवत, बराच वेळ. सुती कापडाचे धागे पाण्यात सुटतात. ते पाणी साफ करणाऱ्या यंत्रात जाऊन अडकतात. म्हणून सुती नको, नायलॉन चालतं. संघर्षनं सगळं मराठीत करून सांगितलं.

"म्हनजे मनाई मले नाही. कापसाले आहे?"

"हो, आई."

"एवढंच?" तिनं पदर पुढं केला. "अरे बाप्पा, आयुष्यभर लोकायचा कापूस येचला, अंगावर कुठून आनू? मोताळ्याच्या बाजारातली आहे हे. अख्खी नायलॉन. पाह्य म्हना हात लावून."

लाइफगार्डनं पदर बोटांत चोळून पाहिला, पाण्यात बुडवला, पिळला. पाणी सरसर निघून गेलं. तो हसून मान डोलवू लागला.

"परकर सुती आहे," सहदेव म्हणाला.

त्याला म्हणायचं नव्हतं. तीस वर्षांची सवय बोलली. सगळे त्याच्याकडे वळले. मंजुश्रीनं कपाळावर हात मारला.

"खोलीवर या तुम्ही," पंचफुला म्हणाली, "तुमचं तिकीट फाडते मी."

संघर्षला हसू आवरेना. सहदेव हसला नाही. तो तिच्या जवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "बदलून ये. सून देईन काहीतरी. मी इथीच उभा हावो."

पंचफुलानं पाय पाण्यातून काढला. मग सुनेबरोबर गेली.

ती परत आली तेव्हा अंगात मंजुश्रीचा पोहायचा काळा, लांब बाह्यांचा सदरा होता. त्यावर तीच जांभळ्या फुलांची नायलॉनची साडी, कासोटा घट्ट मारलेला, पिंढऱ्या उघड्या. सहासष्ट वर्षांच्या त्या पिंढऱ्या अजून लोखंडासारख्या होत्या. लाइफगार्डनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाजूला होऊन हातानं वाट दाखवली.

पायऱ्यांकडे ती गेलीच नाही. काठाकाठानं चालत नऊ फुटांच्या टोकाशी गेली. तीन श्वास भरले. चौथा भरला आणि पाय जुळवून, फारसं पाणी न उडवता, आत गेली.

सहदेव काठाशी पोचला आणि तिथंच खिळला. पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत तो कितीदा तरी विहिरीच्या काठावर उभा राहिला होता. खाली नेहमी काळं पाणी असे. ती त्यात नाहीशी व्हायची, बुडबुडे यायचे, मग कधीतरी डोकं वर यायचं. मधे काय घडतं ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं. हे पाणी काचेसारखं होतं. आज पहिल्यांदा त्याला आपली बायको तळाशी दिसली.

ती मांडी घालून बसली होती. साडीचा पदर सुटून तिच्या डोक्यावर संथपणे हलत होता. हात मांडीवर होते. ते काही चाचपत नव्हते, शोधत नव्हते. कुणाची बादली नव्हती, कुणाचा हंडा नव्हता. काठावर कुणी घाई करत नव्हतं. इतक्या वर्षांत हिला पाण्यात कामाशिवाय कुणी उतरू दिलंच नव्हतं, हे सहदेवला त्या निश्चल हातांकडे पाहताना कळलं.

लाइफगार्ड अस्वस्थ झाला. त्यानं चपला काढल्या. सहदेवनं न बघता आपला हात त्याच्या छातीवर आडवा धरला, धावती गाडी थांबवावी तसा.

"थांबा हो. येते थे."

ती आली. धापा न टाकता. केस मागं सारले, एक श्वास घेतला आणि पुन्हा खाली. मग पुन्हा. खुर्च्यांवरची माणसं उठून काठाशी आली होती. एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"तुम्ही मला कधी सांगितलं नाही," मंजुश्री नवऱ्याला म्हणाली.

"मला वाटायचं, आई बादल्या काढायची. एवढंच," संघर्ष म्हणाला. त्याची नजर पाण्यावरून हलत नव्हती.

लाइफगार्डनं काहीतरी विचारलं. संघर्ष सांगू लागला, "बाबा, तो विचारतोय, या कुठं शिकल्या?"

"तू नोको सांगू. मी सांगतो." सहदेवनं सदऱ्याची बटणं नीट केली. छाती जराशी पुढं आली. "बुलढाना. जिल्हा बुलढाना. बायको आहे माही. चाळीस चाळीस हात विहिरीतून सामान काढलं इनं. गळानं निंगे नाही, थे ही काढे. अख्ख्या पंचक्रोशीत अशी दुसरी नव्हती." लाइफगार्डला यातला एकही शब्द कळत नव्हता, तरी तो मान हलवून ऐकत होता. पंचफुला पाण्यातून वर येऊन काठाला हात टेकून थांबली होती. सहदेवला ती दिसत होती. तो थांबला नाही. "अन् मीच बंद केलं इचं. लोकं हासले गाडीत, म्हून. विहिरीचं काही चुकलं नव्हतं, इचंही नव्हतं. माहंच चुकलं."

संघर्षनं हे इंग्रजीत करून सांगितलं नाही. लाइफगार्डनंही पुन्हा विचारलं नाही.

पंचफुला शिडीनं वर आली. साडीतून पाणी ओघळत होतं. तिनं पदर पिळला, खांद्यावर टाकला. टाळ्या वाजवणाऱ्या म्हातारीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि सहदेवसमोरून एवढ्या जवळून गेली की त्याचा सदरा भिजला. मग ताठ मानेनं, चपलांकडे न वळता, ओली पावलं फरशीवर उमटवत ती फाटक ढकलून बाहेर निघाली. सहदेवनं तिच्या चपला उचलल्या आणि त्या ओल्या पावलांमागं निघाला.