पडवीतली चूल

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. माझी बायको कुसुम गेली, तिच्या दहाव्याला थोरल्या वहिनी बायकांत बसून म्हणाल्या, "माझ्या धाकल्या जावंनं चूल येगळी केली, पन मानसं न्हाई तोडली." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली... तेव्हापासून दुपारी डोळा लागला की झोप आणि जाग यांच्या मधल्या धूसर उजेडात तिसगावचं आमचं घर तरंगत राहतं.

चूल कुसुमनं वेगळी केली नव्हती. मी केली होती.

लग्न नवं होतं. आमच्याकडे पुरुष आधी जेवत, बायका मागून. शाळेत शिकवून येऊन मी पाटावर बसे, तेव्हा माझी बायको म्हणजे दाराआडून भाकरी सरकवणारा एक हात. मला तिच्यासमोर बसून जेवायचं होतं, एवढंच. पण आईला हे सांगायची लाज वाटली. म्हणालो, "हिला एवढ्या घराचं काम झेपत नाही." आई कुसुमकडे बघत राहिली, कुसुम माझ्याकडे.

पडवीत चूल मांडली. पहिल्या संध्याकाळी आम्ही समोरासमोर बसलो. बाहेर धुळीनं पिवळा झालेला उजेड, तिच्या कपाळावर पिठाची रेघ... दोन घास खाऊन ती उठली. "तिकडं ताई एकट्याच भाकरी थापीत असत्याल," म्हणाली. वहिनींना ती ताई म्हणे. मग ते रोजचंच झालं. मला वाढायची आणि स्वतःचं ताट घेऊन आईशेजारी जाऊन बसायची. आई बरेच दिवस तिच्याशी बोलत नव्हती, तरी जायची. मी चिडलो की हसायची. "तुमाला चूल पायजे हुती ना, मास्तर? मग बसा की तिच्यासंग."

लोक आम्हा भावांच्या एकीचं कौतुक करत. घर फोडल्याचा दोष परक्या घरून आलेल्या मुलीवर गेला होता, म्हणून थोरला दादा आणि मी एकमेकांच्या नजरेत निर्मळ राहिलो.

शेवटच्या आजारात एकदा तिच्या खाटेशी बसून मी म्हणालो, "कुसुम, ते चुलीचं... माझं चुकलं, मला तुझी..."

तिनं डोळे मिटलेलेच ठेवले. "ताईंला सांगितलं का?"

"नाही."

"मंग आदी तिकडं सांगा. मला काय, मला ठाऊकच हाय."

मी उठून पलीकडे गेलो. वहिनी चुलीपुढे होत्या. "काय पायजे, भावजी?" त्यांनी विचारलं. माझी नजर ताकाच्या मडक्यावर गेली. मग म्हणालो, "थोडं ताक."

परत आलो तेव्हा कुसुम दाराकडे बघत होती. मी पेला पुढे केला. ती दोन घोट प्यायली, आणि तिनं पुन्हा डोळे मिटून घेतले.