दसरूच्या अंगाचं जॅकेट

आमच्या दुकानात गिऱ्हाईक येतं, कापड बोटांत चुरगाळून बघतं, आरशासमोर उभं राहून पोट आत घेतं आणि मग भाव पाडून मागतं. दसरू कुमरे पहिल्यांदा आला तेव्हा त्याने यातलं काहीच केलं नाही. त्याने समोरच्या टपरीवरून कडक गरम चहा मागवला, काउंटरवर ठेवला आणि मी दाखवलेल्या जॅकेटची बाही त्या ग्लासाच्या तोंडावर ताणून धरली. बाहीवर एक रिकामा काचेचा ग्लास पालथा घातला. मग दूध उतू जाण्याची वाट बघणाऱ्या बाईसारखा तो त्या ग्लासाकडे एकटक बघत राहिला. वरच्या ग्लासात वाफ धरली तर मान डोलवायची, नाही धरली तर जॅकेट घडी करून परत. मी जाम वैतागलो होतो. नवा माल, त्यावर चहाचे डाग पडले तर तो मी कोणाच्या गळ्यात मारणार?

"चहा वाया नाई जात भाऊ, मी पेतो ना मंग," तो म्हणाला, जणू माझी अडचण चहाची होती.

चंद्रपूरला परकोटाच्या आत माझं छत्र्या, रेनकोट आणि पिशव्यांचं दुकान आहे. वाघ बघायला येणारी माणसं वाढली तशा मी खाकी टोप्या ठेवल्या. हिमालयात फिरायला जाणारी पोरं विचारू लागली तशी ही महागडी जॅकेटं आणली. बाहेरचं पाणी आत येऊ देत नाहीत आणि आतल्या घामाची वाफ बाहेर सोडतात, असं त्यांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. असली थेरं इथे कोण विकत घेणार, असं बायको म्हणतच होती. त्या मालाचं सगळ्यात चिकित्सक गिऱ्हाईक वैनगंगेच्या पलीकडच्या जंगलातून गोंडपिपरीच्या बसने आलं, तेही पायात रबरी चपला घालून.

अंगाने दसरू म्हणजे दोरीवर वाळत घातलेला सदरा. तिशीचा असेल, पण पाठमोरा बघितला तर शाळकरी वाटायचा. डोळ्यांत कायम पिवळसर झाक. त्याला जन्मापासून सिकल होता. नदीच्या अलीकडच्या-पलीकडच्या आमच्या दोन्ही जिल्ह्यांत हा आजार कोणाला समजावून सांगावा लागत नाही, पण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांमध्ये अडकून बसतात. मग हाडं अशी दुखतात की धडधाकट गडी जमिनीवर लोळतो. थंडी, ओल, तहान आणि दमणूक, या चारही गोष्टी त्याला वैरी. डॉक्टरांनी त्याला सांगून ठेवलं होतं की पावसात भिजायचं नाही आणि घामाने निथळायचंही नाही. घामाने अंगातलं पाणी जातं आणि ओले कपडे अंगावरच गार होतात. पावसाळ्यात जंगल चालणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे त्याने घरीच बसावं असं सांगणं होतं.

दसरू मात्र या अंगाशी घरातल्या तापट म्हाताऱ्याशी वागावं तसा वागायचा. कशालाही चटकन हो म्हणायचा नाही. जेवायला चल म्हटलं, दोन दिवस राहा म्हटलं, की क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, "अंगाले विचारून सांगतो." एकदा मी चिडवलं, "आणि अंग नाही म्हणालं तर?" तर म्हणाला, "त्याले आधी नाई म्हणू देतो. मंग समजावतो."

एक गोष्ट मात्र तो अंगाला विचारत नव्हता. त्याच्या गावाने आजूबाजूचं जंगल राखायला घेतलं होतं आणि त्यासाठी एक काठी ठरवली होती. ज्या घराच्या दाराला काठी टेकलेली, त्या घरच्या माणसाने त्या दिवशी जंगलात गस्त घालायची. कोणी लाकूड तोडत नाही ना, बांबूचे कोवळे कोंब ओरबाडत नाही ना, हे बघायचं आणि संध्याकाळी काठी शेजारच्या दाराला टेकवायची. दसरूच्या घरी दोनच माणसं, तो आणि त्याची आई. गावसभेत सगळे म्हणाले, पावसाळ्यात तुझं घर सोडून काठी पुढे जाऊ दे, कोणाची काही हरकत नाही. चांगली माणसं होती, मनापासून बोलली होती. हे मला सांगताना दसरूचा आवाज चढला. "भाऊ, लहानपणापासून मले सोडूनच सारं झालं. पोरं नदीवर गेली, मले सोडून. नाचाले गेली, मले सोडून. आता काठीबी माह्या दारावरून पुढं गेली, तर मी गावात हावो का नाई, हे कोनाले विचारू?"

म्हणून त्याला जॅकेट हवं होतं. छत्री बांबूच्या रांजीत, म्हणजे दाट बेटात, शिरत नाही. धानाच्या रोवणीला बायका पाठीवर पानांचं छत बांधतात ते वाकलेल्या माणसासाठी ठीक, पण चालणाऱ्याचं ते फांद्यांत अडकतं. साधा प्लास्टिकचा रेनकोट घातला तर नाल्यापर्यंत पोचता पोचता तो घामाने आतून चिंब व्हायचा. असा एकदा चिंब होऊन तो आठवडाभर खाटेवर पडला होता. तपासणीसाठी चंद्रपूरला आला की सरकारी दवाखान्यातून सरळ माझ्याकडे यायचा. नवा माल आला का, हे विचारायच्या आधी चहा सांगायचा. टपरीवाल्यालाही ते पाठ झालं होतं. दसरू दिसला की तो चहासोबत रिकामा ग्लास पाठवायचा.

त्याच्या परीक्षा एवढ्यावर थांबत नसत. जॅकेट घालून तो दुकानाच्या माळ्याचा जिना वरखाली करायचा. गिऱ्हाईकं बघत राहायची. टोपी डोक्यावर ओढून डोळे मिटायचा आणि मला म्हणायचा, मागून हळूच चाला. माझ्या पावलांचा आवाज ऐकू आला नाही की ते जॅकेट बाद. "अस्वल काई हारन वाजवत येत नाई, भाऊ." एक जॅकेट वाफेत पास झालं, शिवणीला आतून पट्ट्या होत्या, सगळं जमलं होतं, पण हात हलवला की कुरकुर वाजायचं. त्याने ते प्रेमाने परत ठेवलं. मी मनात चडफडलो आणि पुढच्या खेपेला मुद्दाम मऊ कापडाचं मागवलं. धंद्याच्या हिशेबाने हा शुद्ध मूर्खपणा होता. पण तोवर मला त्या माणसाचा लळा लागला होता, आता लपवून काय करायचं?

ते मऊ जॅकेट भर उन्हाळ्यात आलं. काखेत चेन होत्या, उघडल्या की वारा आत शिरायचा. ग्लासात वाफ धरली, जिना झाला, माझी पावलं ऐकू आली. दसरू खूश. मला मात्र एक शंका खात होती, म्हणून मी पुण्याच्या ठोक व्यापाऱ्याला फोन लावला. तो हसला. म्हणाला, ही कापडं थंड डोंगरांसाठी असतात, आत ऊब आणि बाहेर गारठा असला तर वाफ बाहेर पळते. तुमच्याकडे श्रावणात बाहेरची हवाच पाण्याने भरलेली, मग घाम जाणार कुठे? आमचा चहा उकळता होता आणि आमची हवा उन्हाळ्याची, कोरडी ठणठणीत. असलं कोणतंही कापड त्या परीक्षेत पास झालं असतं.

मी दसरूला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो जॅकेटच्या चेनशी खेळत राहिला. मग म्हणाला, "मंग आपल्या पावसासाठी कोन बनवते?"

"कोणीच नाही."

"कोनीच नाई?"

माझ्या दुकानात भिंतभर जॅकेटं टांगलेली होती आणि त्यातलं एकही या माणसासाठी नव्हतं. जॅकेटची घडी घालत तो म्हणाला, "राहू द्या. जे हाये त्यातलं हेच बरं. बाकीचं अंगाले समजावतो." जाताना मी पुन्हा पुन्हा बजावलं. काखेतल्या चेन उघड्या ठेव, पाणी पीत राहा, धुण्याच्या पावडरीने धुऊ नको, आणि याला तेल, मेण काही लावू नको, छिद्रं बुजतील. तो हाव हाव म्हणत बसकडे गेला.

पावसाळ्याचा पहिला महिना बरा गेला. फोन यायचे. वरचं कापड ओलं होऊन जड होते म्हणाला, पण आत पाणी नाही. घाम येते, पण मी हळू चालतो म्हणाला. काठी दोनदा त्याच्या दाराला येऊन पुढे गेली होती आणि हे सांगताना त्याचा आवाज असा होता की मी दुकानात एकटाच हसलो.

पोळ्याच्या आधी त्याच्या गावातल्या एका माणसाचा फोन आला, दसरूला चंद्रपूरला आणलंय. मी दुपारी दवाखान्यात गेलो. सलाईन लागलं होतं, छातीत दुखत होतं, श्वास तुटक होता. आई औषध आणायला खाली गेली होती. खाटेखाली पिशवीत जॅकेट होतं आणि पिशवीतून मोहाच्या बियांच्या तेलाचा जड वास येत होता. मी हात घातला. माझं मऊ कापड चामड्यासारखं झालं होतं.

"कोणी लावलं हे?"

"मायनं." तो थांबून थांबून बोलत होता. "वरून वलं दिसते म्हनून तिले वाटलं, कापड फुटलं. वहानांले लावते तसं, दिवसभर अंगनात बसून चोळलं तिनं. मले दाखवलं, पानी कसं घरंगळते ते. चेनांवरबी थापलं, तिकडून पानी जाईन म्हनून. मंग त्या उघडल्याच नाई."

"मग घालायचं नव्हतं ना, दसरू."

"तिनं विचारलं असतं, काऊन नाई घालत. काय सांगू?" मग तो हसायला गेला आणि छातीवर हात दाबून थांबला. "बाहेरचा थेंब आत नाई आला, भाऊ. भिजलो तो माह्याच पान्यानं." थोड्या वेळाने म्हणाला, "मायले सांगू नोका."

मी डॉक्टरांना गाठून विचारलं, घामाने झालं का हे? ते म्हणाले, पाणी कमी पडलं असेल, दमणूक असेल, आधीचा ताप असेल, या आजारात नक्की कोणीच सांगू शकत नाही. मला राग आला, पण तो कोणावर काढावा ते कळेना. आईवर? तिने जीव ओतला होता. त्याच्यावर? त्याला आईचं मन मोडायचं नव्हतं. पुढे फुफ्फुसांत संसर्ग पसरला. ऐन पोळ्याला, रस्त्यावर सजवलेले बैल निघाले असताना, दसरू गेला. मी त्याला खांदा दिला. त्या दिवसांत मला दुकानात जाऊन बसणं नको झालं होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पुढच्या वर्षी मृगाच्या जरा आधी त्याची आई एकटीच दुकानात आली. तिला मराठी बेताचंच येतं. पदराखालून तिने जॅकेट काढलं, काउंटरवर पसरलं आणि हाताने सुरकुत्या सारख्या केल्या. म्हणाली, काठी अजून तिच्या दाराला येते. गावातली माणसं काठी सोडा म्हणत होती, पण तिने ऐकलं नाही. "दसरूची काठी हाये. मी जातो." जंगलात जाताना ती हेच जॅकेट घालणार होती.

मग तिने मान वर करून मला विचारलं, "मागच्या साली तेल लावलं होतं मी. बराबर होतं ना, भाऊ?"

टपरीवाला चहाचं विचारायला दारात येऊन उभा होता. मी त्याला हातानेच जायला सांगितलं.

"बरोबर होतं, बाई."

तिने सुटकेचा निःश्वास टाकला. जॅकेटची घडी घालता घालता म्हणाली, "यंदाबी लावतो मंग. जाड लावू का पातळ?"

"पातळ लावा," मी म्हणालो. "अगदी पातळ. आणि काखेत लावू नका." माझ्या हातात तेवढंच उरलं होतं.