हॉलिवूडच्या पाहुणीचा परिचय

सिंगापूरच्या नोकरीत माझ्या प्रोबेशनचा शेवटचा महिना चालू होता, आणि त्याच महिन्यात आमच्या कंपनीच्या वार्षिक समारंभाला हॉलिवूडची एक ज्येष्ठ अभिनेत्री पाहुणी म्हणून येणार होती. आमची कंपनी श्रीमंत लोकांचा पैसा गुंतवते. अशा लोकांना बोलवायचं तर कुणीतरी मोठं माणूस लागतं. माझं काम पत्रं, भाषणं, निमंत्रणं लिहिण्याचं.

नोकरी पक्की झाली नाही तर माझा इथे राहून काम करण्याचा पास रद्द होणार होता. माझ्यासोबत नवऱ्याचा आणि मुलीचाही. नवऱ्याने माझ्यासाठी पुण्यातली नोकरी सोडली होती आणि इथे त्याला अजून काम मिळालं नव्हतं. मुलगी नुकती कुठे शाळेत रुळली होती, घरी आल्यावर इथल्या लोकांसारखं 'डोन्ट वरी ला' म्हणायला शिकली होती.

माझी वरिष्ठ सिंगापूरची चिनी बाई, अगदी कमी बोलणारी. हाँगकाँगला जाण्याआधी ती म्हणाली, "पाहुणीची ओळख सीईओ करून देतील. दोन मिनिटांचं लिही. तिच्या एजंटने चार ओळी पाठवल्यात. करारही तुला पाठवलाय. तुझ्यावर सोडते."

मी त्या चार ओळी वाचल्या. पुरस्कार, गाजलेले सिनेमे, समाजकार्य. मला त्या फार कोरड्या वाटल्या. करार उघडला, वेळा आणि खोल्यांची पानं वाचली आणि बंद केला.

आमच्या तालुक्याच्या शाळेत गॅदरिंगला प्रमुख पाहुण्यांचा परिचय मी करून द्यायचे. पाचवीपासून दहावीपर्यंत दरवर्षी. सरांनी शिकवलेली रीत ठरलेली होती. जन्म कुठे, आईवडील काय करत, मग 'अत्यंत हलाखीच्या परिस्थितीतून', मग शिक्षण, मग यश. कृषी अधिकारी असोत नाहीतर बँकेचे मॅनेजर, 'हलाखीच्या' शब्दापाशी पाहुणे रुमाल काढायचे. सर म्हणायचे, परिचयाचा कागद पाहुण्यांना आधी कधी दाखवू नये. दाखवला तर त्यांच्याकडूनच त्यांची स्तुती तपासून घेतल्यासारखं होतं, आणि तो पाहुण्यांचा अपमान.

मी दोन आठवडे त्या बाईंच्या आयुष्यात बुडून गेले. जुन्या मुलाखती शोधल्या, सिनेमे पाहिले. लहान गाव. आई हॉटेलच्या चादरी धुवायची. एकोणिसाव्या वर्षी पहिला सिनेमा, पाठोपाठ तीन यशस्वी. मग अठ्ठाविशीनंतर काम अचानक बंद. सहा वर्षं एका मोठ्या दुकानात परफ्युमच्या काउंटरवर उभ्या राहिल्या. मग आईच्या भूमिका, आणि त्यातल्याच एकीला सर्वांत मोठा पुरस्कार. आता वय अठ्ठ्याहत्तर. मी सगळं लिहिलं. चादरींपाशी माझे डोळे भरून आले. मजकूर मी सीईओंच्या सेक्रेटरीला आणि टेलिप्रॉम्प्टरवाल्यांना पाठवला. पाहुणीला अर्थातच नाही.

समारंभ रॅफल्स प्लेसजवळच्या एका हॉटेलात, दुपारी चारला. तीन वाजता टेलिप्रॉम्प्टरची चाचणी चालू झाली आणि माझा मजकूर काचेवर सरकू लागला. एजंट, एक उंच अमेरिकन माणूस, हॉलच्या मध्यावर थांबला आणि मान वर करून वाचू लागला.

"हे कुणी लिहिलं?"

काचेवरचा मजकूर सरकतच होता.

"वय! वय लिहिलंय. दोनदा!" तो माझ्या वरिष्ठेकडे वळला. ती त्याच सकाळी परतली होती. "मंजूर न केलेला एक शब्द जरी वाचला तरी आम्ही निघून जाऊ शकतो. करारात आहे. वाचलाय ना कुणी करार?"

तिने मला बाजूला घेतलं. "तू त्यांना पाठवलं नव्हतंस?"

"नाही."

"का?"

"आमच्याकडे पाहुण्यांना आधी दाखवत नाहीत."

"आमच्याकडे म्हणजे कुठे?"

"शाळेत," मी म्हणाले.

बाहेर पाहुणे यायला लागले होते. दोनशे लोक एका बाईला बघायला येणार होते आणि ती बाई आत बसून निघून जायचं की नाही ते ठरवणार होती. पास रद्द झाला की देश सोडायला फार दिवस मिळत नाहीत, एवढंच एक डोक्यात फिरत होतं.

एजंटने माझ्या मजकुराचा छापील कागद आतल्या खोलीत नेला. पाच मिनिटांनी दार उघडून म्हणाला, "लिहिणारीला बोलावलंय."

वरिष्ठ माझ्याबरोबर आली. बाई आरशासमोर बसल्या होत्या. पडद्यावर दिसतात त्याहून खूप लहान चणीच्या. एक मुलगी त्यांचे केस सारखे करत होती. बाईंच्या हातात माझा कागद होता.

"तू लिहिलंस?"

"हो, मॅडम."

"माझे किती सिनेमे पाहिलेस?"

"गेल्या दोन आठवड्यांत अकरा."

"आणि त्याआधी?"

खोटं सुचलं नाही. "एकच. केबलवर, हिंदीत डब केलेला."

"हिंदीत मी कशी बोलते?"

"फार रागावून बोलता."

केस करणारी मुलगी खुदकन हसली. एजंट हसला नाही. "आपण निघू शकतो," तो बाईंना म्हणाला. "गाडी खालीच आहे."

बाई वाचत राहिल्या. त्यांनी पर्समधून पेन काढलं. मी त्या पेनाच्या टोकाकडे बघत होते.

"माझ्या आईने परक्याची एक चादरसुद्धा कधी धुतली नाही," त्या म्हणाल्या. "ती पियानो शिकवायची आणि मी तिला फारशी आवडायचे नाही. स्टुडिओच्या लोकांना वाटलं, धोबीण बरी दिसेल. मासिकांत छापून आलं. आईने ते वाचलं आणि त्यानंतर दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही."

मी 'सॉरी' म्हणाले, पण ते कुणाला म्हणाले ते मलाही सांगता आलं नसतं.

त्यांनी आईच्या ओळींवर रेघ मारली. मग पेन खाली आलं. "हे परफ्युमचं कुठे मिळालं तुला?"

"एका जुन्या वर्तमानपत्रात. त्या दुकानात काम करणाऱ्या दुसऱ्या एका बाईंची मुलाखत होती."

"ते मात्र खरं आहे."

"दुकानाचा विषय आपण काढत नाही," एजंट म्हणाला.

"तू काढत नाहीस." त्यांनी कागदाची घडी घातली आणि आरशाजवळ ठेवली. "तयार व्हायला दोन तास लागलेत मला, आता कुठे निघू? तू पाठवलेल्या चार ओळी आहेत ना, त्याच वाचू दे त्यांना."

पण एजंटचं संपलं नव्हतं. "मी उद्या यांच्या सीईओंना लेखी कळवणार आहे. आणि कुणी लिहिलं तेही."

माझी वरिष्ठ तेव्हा त्या खोलीत पहिल्यांदा बोलली. "कळवा. मजकूर माझ्या विभागातून गेला. माझंच नाव लिहा."

सीईओंनी चार ओळी वाचल्या. टाळ्या झाल्या. शेवटी एकाने विचारलं, तुमची सर्वांत अवघड भूमिका कोणती? बाई म्हणाल्या, "परफ्युम विकणारीची. सहा वर्षं केली." लोक मोकळेपणी हसले. कुठल्यातरी सिनेमातली असेल असं त्यांना वाटलं. माझ्या शेजारी उभा एजंट फोनमध्ये बघत राहिला.

घरी जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मला माझी आई आठवली. मी पदवीधर झाले तेव्हा गावात सत्कार झाला होता. सरांनीच माझा परिचय करून दिला. आई चार घरची भांडी घासते, हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आईकडे सगळे वळले. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "भांड्यांचं कशाला सांगितलं गं त्यांनी?" मी हसून म्हणाले होते, "अगं, कौतुकानेच की." सरांचे माझ्यावर फार उपकार आहेत, त्यांनी मला माईकसमोर उभं केलं नसतं तर मी इथवर आले नसते. पण आईला तेव्हा काय वाटलं, हे मी पुढे कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

सोमवारी वरिष्ठेने मला बोलावलं. एजंटची मेल आली होती, चांगली लांबलचक. तिने ती मला वाचू दिली. मग म्हणाली, "मी उत्तर दिलंय. पण तुला आज पक्कं करता येणार नाही. प्रोबेशन तीन महिने वाढवलंय. पुढचा पाहुणा दोन महिन्यांनी आहे."

"थँक यू," मी म्हणाले.

"थँक यू नको. करार वाच."

संध्याकाळी नवरा दारातच उभा होता. त्याने पाणीसुद्धा विचारलं नाही.

"काय झालं? पास का नापास?"

"एटीकेटी."

इंजिनिअरिंगला त्याचे स्वतःचे दोन विषय राहिले होते. तो म्हणाला, "बरं. माझ्या एटीकेटीला मी मार्चपर्यंत अभ्यासच केला नव्हता. तू आजच बस."

जेवणं झाल्यावर मुलीने तिची वही टेबलाच्या एका बाजूला मांडली. दुसऱ्या बाजूला मी पुढच्या पाहुण्याचा करार घेऊन बसले. पहिल्या पानापासून.