सुईएवढं भोक

कोंडू सुरुंग लावायचा नाही, घण मारायचा नाही. त्याचं काम एकच, बोगदा सरळ ठेवायचा. १९५८ साली किन्हवलीच्या पलीकडे एका टेकाडातून पाटाचं पाणी न्यायचं होतं. आम्ही अलीकडून खणत होतो, मुरबाडकडची टोळी पलीकडून. दोघांची गाठ मधे पडायला हवी होती. ती जबाबदारी कोंडूने अंगावर घेतली होती.

बोगद्याच्या तोंडाशी ओव्हरसियरने ठोकलेल्या खुंटावर तो पत्र्याचा डबा ठेवी. डब्यात पेटती चिमणी, डब्याला सुईएवढं भोक. दहा हात आत, दुसऱ्या खुंटावर तसंच भोक पाडलेला पत्रा. मग तो टोकाच्या कातळापाशी जाऊन, एक डोळा मिटून उजेडाचा ठिपका शोधायचा. दोन्ही भोकं आणि डोळा एका रेषेत आले तरच ठिपका दिसे. बोटभर सरकलं की काळोख. दिसला तिथे चुन्याची रेघ. यात अर्धा तास जाई. तोवर आम्ही बसून.

"दिवा डब्यात कोंडायचा आन मग उजेड हुडकत बसायचा," मुकादम देवराम म्हणायचा. "कोंड्या, बायको पण अशीच हुडकली काय रे?"

"ती आपल्या पायानं आली. उजेड वळून येत नाय. आपल्यालाच त्याच्या वाटंवर जावं लागतं."

फाल्गुनात कोंडू आठ दिवस तापाने पडला. रेघ मारायचं काम माझ्याकडे आलं. मला ठिपका सापडेना. मान आखडायची. देवरामने माझ्या हातात खिळा दिला.

"भोकं मोठी कर, गणू. दिसंल मग."

मी केली, अंगठा जाईल एवढी. लगेच दिसलं. वीतभर इकडे सरका, तिकडे सरका, उजेड आहेच. मला वाटलं, काम सोपं झालं. आठ दिवसांत आम्ही नऊ हात आत गेलो.

कोंडू आला तो काठी टेकत. डबा बघितला. दुसरा डबा, दुसरा पत्रा आणून सुईने भोकं पाडली आणि माझ्या रेघेला डोळा लावला. काळोख. दीड वीत उजवीकडे सरकला तेव्हा ठिपका दिसला.

"भोकं कुणी मोठी केली?"

"मी," मी म्हणालो.

तो देवरामकडे वळला. "मागं येऊन उजवी बाजू फोडा. चार दिसांचं काम हाय."

"खणलेलं परत खणू? पलीकडचे येतील वळून."

"आपण वाकडं गेलो ते त्यांना काय म्हाईत?"

देवरामने ऐकलं नाही, त्याच वाकड्या रेघेवर पुढे खणायला लावलं. तीन आठवड्यांनी पलीकडचे घण ऐकू आले. समोरून नाही, उजव्या अंगाने. आम्ही त्यांना न गाठता शेजारून पुढे निघालो होतो. मधला कातळ फोडून दोन्ही बोगदे जोडले. पाटाला वाक पडला.

"रेघ कोण मारतो?" ओव्हरसियरने विचारलं. देवरामने कोंडूकडे बोट केलं. मी शेजारीच उभा होतो. बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून कोंडू दगड वाहायला लागला.

त्या वाकात दर साली गाळ बसे. तो उपसायला आम्ही दोघं जायचो. बाहेर कोंडू माझ्याकडून तंबाखू घ्यायचा, बोलायचा. वाकाशी आलं की गप्प. चौथ्या साली मी तिथेच म्हणालो, "कोंडू, मी ओव्हरसियरला जाऊन खरं काय ते सांगतो."

"आता सांगून ह्यो वाक सरळ होनार हाय काय?" तो म्हणाला. "फावडं धर."