कुठला देश किती मोकळा

कुठल्या देशाचं व्यापारधोरण किती मोकळं आहे हे मोजायचं आणि देशांचे क्रमांक लावायचे, असं काम सरांनी आम्हा दोघींना दिलं होतं. विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात एकच संगणक आणि दमट हवा फेकणारा एक कूलर. हे काम दिल्लीच्या परिषदेत मांडायला मात्र दोघींपैकी एकीलाच जायचं होतं. मला जायचं होतं, आणि तीच जाणार या धास्तीनं माझी अन्नावरची वासनाच उडाली होती.

ती रामटेककडची, धान पिकवणाऱ्या घरातली. बोलणं अगदी गावाकडचं, तरी सर आधी तिला विचारायचे. माझ्या घरात तीन पिढ्या कारकुनी, माझं मराठी शुद्ध, अक्षर मोत्यासारखं. जळफळाट व्हायला आणखी काय हवं?

मोजायची पद्धत मी ठरवली होती. प्रत्येक मालावरचं आयातशुल्क घ्यायचं, ज्याची आयात जास्त त्याला जास्त वजन द्यायचं, मग सरासरी. सरासरी जितकी कमी, तितका देश मोकळा. यादी तयार झाली. पहिल्या पाचांत असा एक देश आला, जो बाहेरचा तांदूळ वेशीवरही येऊ देत नाही. मला काहीच खटकलं नाही. मी कागद घेऊन सरांच्या खोलीकडे निघालेही.

तिनं दारातच अडवलं. "थांब वं. तांदळावर ड्यूटी एवढी जबर आहे का तांदूळ येऊनच नाही राहिला. मंग तुया हिशेबात त्याचं वजन शून्य, अन् ड्यूटी बी गायब! वाडीच्या नाक्यावर एवढा टोल लावला का एक ट्रक नाही गेला, तं रस्ता फुकट आहे म्हणशीन का?"

दोन मिनिटांत! मी दोन महिने त्या आकड्यांत डोकं घालून बसले होते. राग आला, तोही स्वतःचा नाही, तिचा.

"मग जा, सांग सरांना," मी फणकारले.

"मी काहून सांगू? पद्धत तुयी आहे. दुरुस्ती बी तूच सांग."

मी सांगितलं. चूक आपणहून सापडल्याच्या थाटात, टोल आणि ट्रकसकट. सरांचा चेहरा खुलला. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या तिला विचारलं, "तुला पटतं का?"

"बरोबर आहे सर तिचं," ती म्हणाली.

दिल्लीला मी गेले. पण त्या खोलीतून बाहेर पडताना मी आधीपेक्षा जास्त जळत होते. तिच्या जागी मी असते, तर गप्प राहिले नसते.